सर्व्हर बदलताना डोमेनचं काय होतं

मंडळी, नव्या सर्व्हरवर वेबसाइट हलवली की बहुतेकांना एकच सल्ला मिळतो: ४८ तास थांबा, बदल जगभर पसरतोय. खरं तर तुमचा बदल कोणी कुठे पाठवत नाही. 'या डोमेनचा पत्ता काय' या प्रश्नाच्या जुन्या उत्तराच्या प्रती ठिकठिकाणी साठवलेल्या असतात, त्यांची मुदत संपायला हवी. आणि ती मुदत बरीचशी तुमच्याच हातात असते.

इंटरनेटचं पूर्वरूप असलेल्या अर्पानेटच्या काळात सगळ्या यंत्रांची नावं आणि पत्ते एकाच फाइलमध्ये असत आणि जो तो ती उतरवून घेई. यंत्रं वाढली तशी ती फाइल हाती येईपर्यंत शिळी होऊ लागली. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेची रचना मांडली. तिच्यात जबाबदारी वाटून दिलेली आहे आणि मिळालेलं उत्तर ठरावीक काळ जवळ ठेवायची मुभा आहे.

समजा, तुम्ही एक्झाम्पल डॉट कॉम उघडलंत. संगणकाकडे उत्तर साठवलेलं नसेल तर तो रिझॉल्व्हरला, म्हणजे आपल्या वतीने पत्ता शोधणाऱ्या सर्व्हरला विचारतो. रिझॉल्व्हर नाव उजवीकडून सोडवत जातो. सगळ्यात वरचा रूट सर्व्हर त्याला कॉम सांभाळणाऱ्यांकडे पाठवतो, ते त्या डोमेनच्या नेमसर्व्हरकडे, म्हणजे त्या डोमेनच्या नोंदी (रेकॉर्ड) ठेवणाऱ्या सर्व्हरकडे बोट दाखवतात आणि शेवटी तो नेमसर्व्हर आयपी पत्ता, म्हणजे यंत्राचा आकडी पत्ता देतो. रूट सर्व्हरची नावं १३च आहेत, त्यांच्यामागे यंत्रं मात्र हजाराहून अधिक आहेत.

प्रत्येक उत्तरासोबत टीटीएल येतो, म्हणजे ते किती सेकंद जवळ ठेवायचं तो आकडा. ८६४०० म्हणजे पूर्ण दिवस. सर्व्हर बदलायचा असेल तर आदल्या दिवशीच टीटीएल ३०० करा आणि जुना ८६४०० सेकंदांचा काळ उलटू द्या. मगच पत्ता बदला. अनेकजण टीटीएल आणि पत्ता एकाच वेळी बदलतात. त्याचा काही उपयोग नाही, कारण ज्यांच्याकडे जुनी प्रत आहे त्यांच्याकडे जुनाच टीटीएल मोजला जातोय. जुना सर्व्हर लगेच बंद करू नका. त्याच्या लॉगमध्ये, म्हणजे आलेल्या विनंत्यांच्या नोंदवहीत, नव्या विनंत्या दिसणं थांबलं की बंद करा. काही रिझॉल्व्हर टीटीएल काटेकोर पाळत नाहीत, म्हणून ही सवलत हवीच. आणि नेहमीचा आयपी पत्ता देणाऱ्या ए रेकॉर्डबरोबर चार ए असलेला, आयपीव्ही६ या नव्या प्रकारच्या पत्त्याचा रेकॉर्डही बदला. तो राहून गेला तर काही लोकांना नवी साइट दिसते आणि काहींना जुनी, आणि कारण शोधता शोधता दिवस जातो.

नेमसर्व्हरच बदलणं मात्र वेगळं. त्यांची नोंद कॉमच्या रजिस्ट्रीकडेही, म्हणजे सगळी कॉम नावं सांभाळणाऱ्या संस्थेकडेही असते आणि तिथला टीटीएल १७२८०० सेकंद असतो, म्हणजे ४८ तास. तो तुम्हाला कमी करता येत नाही. म्हणून तेवढा काळ जुन्या आणि नव्या, दोन्ही नेमसर्व्हरवर हुबेहूब सारखे रेकॉर्ड ठेवा. वेबसाइटचा पत्ता सगळे आठवणीने उतरवतात, पण मेल कुठे पोचवायचं ते सांगणारा एमएक्स आणि मेल खरं आहे का ते तपासायला लागणारा टीएक्सटी, हे रेकॉर्ड विसरतात. मग साइट छान चालते आणि मेल परत जातात किंवा स्पॅममध्ये पडतात. डीएनएससेक, म्हणजे उत्तरांवर डिजिटल सही करण्याची सोय, चालू असेल आणि नवा नेमसर्व्हर वेगळ्या किल्लीने सही करत असेल, तर सोपा मार्ग असा: आधी रजिस्ट्रारकडून, म्हणजे जिथून डोमेन घेतलं त्यांच्याकडून, त्या किल्लीची खूण असलेला डीएस रेकॉर्ड काढून टाका, त्याचाही टीटीएल संपू द्या, मग नेमसर्व्हर बदला. जुना डीएस तसाच राहिला तर सही तपासणारे रिझॉल्व्हर उत्तर द्यायलाच नकार देतात.

आणखी एक सापळा आहे. नवं उपडोमेन बनवण्याआधीच ते उघडून पाहिलं, तर 'असं नाव नाही' हे उत्तरही साठवलं जातं. किती काळ, ते तुमच्या डोमेनच्या एसओए रेकॉर्डवरून, म्हणजे डोमेनची मूळ माहिती असलेल्या नोंदीवरून ठरतं. तेव्हा आधी रेकॉर्ड बनवा, मग तपासा.

तपासताना ब्राउझरवर विसंबू नका. डिग (dig) ही डीएनएसला प्रश्न विचारणारी आज्ञा वापरून थेट तुमच्या नेमसर्व्हरला विचारा. तिथे उत्तर बरोबर असेल तर जुन्या प्रतींची मुदत संपेपर्यंत थांबा. तिथेच चूक असेल, तर कितीही तास थांबलात तरी ती आपोआप सुधारणार नाही.