आठ डॉलरचा दंड

[पडद्यावर: मांडीवरचा दगड, हातोडीचे ठोके]

मांडीवर सपाट दगड, दगडावर भिजवलेलं चामडं. ते ठोकून ठोकून घट्ट करायचं, आरीने भोकं पाडायची, मेण लावलेला दोरा दोन्ही बाजूंनी ओवायचा आणि हात फाकवून टाका आवळायचा. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातला जोडे शिवणारा कारागीर दिवसभर असा वाकलेला. मजुरी मात्र जोडामागे.

१७९४ साली या कारागिरांनी संघटना बांधली. ठरलेल्या दरापेक्षा कमी पैशांत कुणी आरी उचलायची नाही. संघटनेबाहेरचा माणूस ज्या दुकानात बसतो, तिथे आपण बसायचं नाही. संप सुरू झाला की सभासदांची एक तुकडी दुकानोदुकानी फिरायची, कोण चोरून काम करतंय ते पाहायला. अशा संपफोड्याला ते ‘स्कॅब’ म्हणत. स्कॅब म्हणजे खपली.

भांडण पेटलं ते बाजारामुळे. पूर्वी गिऱ्हाईक यायचं, पायाचं माप द्यायचं. आता जॉन बेडफर्डसारखे मालक दक्षिणेतल्या राज्यांतून घाऊक मागण्या आणू लागले. तिथे माल खपवायचा तर किंमत उतरवायला हवी, आणि किंमत उतरवायची तर हात जायचा कारागिराच्या मजुरीकडे.

१८०५चा संप फसला. मालक तेवढ्यावर थांबले नाहीत. १८०६ मध्ये आठ कारागीर महापौरांच्या न्यायालयात आरोपी म्हणून उभे राहिले. आरोप कटाचा. एकट्याने मजुरी वाढवून मागावी, त्याला हरकत नाही. सगळ्यांनी मिळून मागितली की गुन्हा! हा नियम इंग्लंडच्या जुन्या कायद्यातून उचललेला, आणि तोही त्याच शहरात, जिथे ३० वर्षांपूर्वी इंग्लंडपासून स्वातंत्र्य जाहीर झालं होतं.

साक्षीला आला जॉब हॅरिसन, त्यांच्याच धंद्यातला. त्याने १७९९च्या संपाची हकिगत सांगितली. मागणी होती उंच बुटांच्या मजुरीची. हा तर साधे जोडे शिवायचा. घरी आजारी बायको, पदरात लहान मुलं. त्याने लपून काम केलं. मला त्याचा राग येत नाही. पण जोडेवाले कामावर राहिले तर बूटवाल्यांचा संप टिकणार नाही, हे संघटनेचं म्हणणंही खोटं नव्हतं. एकाच कामाला बसणाऱ्या माणसांना असं समोरासमोर उभं करणारी ती मजुरी, खटल्यात तिच्यावर आरोप ठेवायला कुणी नव्हतं.

दोषी की निर्दोष ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळात, म्हणजे ज्यूरीत, किराणा दुकानदार होते, खानावळवाले होते. जोडे शिवणारा एकही नाही. न्यायाधीश मोझेस लेव्ही यांनी त्यांना बजावलं: स्वतःच्या फायद्यासाठी असो वा इतरांच्या नुकसानीसाठी, मजुरी वाढवायला एकत्र येणं कायद्याला मंजूर नाही. आठही जण दोषी. प्रत्येकी ८ डॉलर दंड, वर खटल्याचा खर्च.

हा धाक ३६ वर्षं मानेवर राहिला. १८४२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याचे मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ यांनी निकाल दिला, की कामगारांनी संघटना करणं हा काही मुळात गुन्हा नव्हे. बोस्टनच्या त्या खटल्यातले आरोपीही बूट शिवणारेच होते.