शेवळाचं बी कुठं जातं?

(दृश्य : कल्याणचा बाजार, सकाळ. रस्त्याकडेला फडक्यावर मांडलेल्या जुड्या.)

वळवाच्या दोन-चार सरी पडून गेल्या की कल्याण, बदलापूर, कर्जत, पनवेलच्या बाजारात ही भाजी येते. शेवळं. जांभळट-तपकिरी, टोकदार, बोटभर जाडीची. शेजारी हिरव्या काकडांचे छोटे वाटे. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी बाया पहाटेच्या गाडीनं हे ओझं घेऊन उतरतात. भाव ऐकून नवखं गिऱ्हाईक पुढं सरकतं. ज्याच्या घरी सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी, घालून शेवळं होतात, ते घासाघीस करतं, पण घेऊनच जातं. महिनाभरात हा सगळा बाजार संपलेला असतो.

(दृश्य : स्वयंपाकघर. विळी, तेल लावलेले हात.)

आधी हाताला तेल. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते कातडीत आणि घशात रुततात. म्हणून काकडं हवीत. काकड हा रानातलाच वृक्ष, त्याच्या आंबट फळांचा रस शेवळाची खाज मारतो. काकडं मिळाली नाहीत तर चिंच, पण जुन्या बायका त्यावर नाक मुरडतात.

आता नीट बघा. वरचं आवरण उलगडलं. आत दांडा. दांड्याचं लांब टोक चिरायला घेतलं. आणि खालचा हा पिवळा, कणीदार भाग मोडून बाजूला टाकला, कारण तो फार खाजतो.

(दृश्य : टाकलेल्या पिवळ्या तुकड्यांचा ढीग, जवळून.)

या ढिगावर थोडं थांबू. पिवळे कण म्हणजे शेवळाची नर फुलं. त्यांच्या खाली, बुडाशी चिकटून बसलेली, ती मादी फुलं. बाजारात आपण कोंब म्हणून घेतो तो कोंब नसतोच, तो अख्खा फुलोरा असतो. जमिनीखालच्या कंदाचा त्या वर्षातला बहुधा एकुलता एक. जे बी व्हायचं ते या केराच्या टोपलीतून व्हायचं होतं.

(दृश्य : मुरबाडच्या बाजूचा डोंगरउतार. पालापाचोळ्यातून वर आलेलं शेवळ.)

शेवळ सुरणाच्या कुळातलं. याच कुळात सुमात्रातलं ते माणसापेक्षा उंच वाढणारं, सडक्या मांसासारखा वास मारणारं फूल येतं. ते फुललं की जगभरच्या वनस्पती उद्यानांबाहेर रांगा लागतात. आमच्या शेवळासाठी रांग लागते ती फक्त भाजीवालीपुढं. वर्षातले कितीतरी महिने हे झाड जमिनीवर दिसतच नाही. कंद खाली झोपलेला. पहिल्या पावसाची ओल लागली की पानाआधी फुलोरा वर येतो. पान मागाहून, एकच, छत्रीसारखं पसरलेलं.

(दृश्य : तिन्हीसांज. उमललेल्या फुलोऱ्याभोवती किडे.)

फुलोरा उमलला की दुर्गंध सुटतो. माश्या, भुंगेरे त्या वासावर येतात. पण पहिल्या दिवशी फक्त मादी फुलं तयार असतात. नर फुलांतून पराग सुटतो तो नंतर, आणि तोवर मादी फुलांची वेळ टळलेली असते. म्हणजे स्वतःचा पराग स्वतःच्या फुलांना जवळजवळ मिळत नाही. किडा यावा लागतो दुसऱ्या शेवळावरून, तेही एखाद-दोन दिवस आधी उमललेल्या. जवळपास तसं शेवळ नसेल, तर एवढा वास पसरूनही काही साधत नाही.

ही झंझट झाड का करतं? कारण दोन वेगळ्या झाडांच्या मेळातून झालेलं प्रत्येक बी वेगळं असतं. कुणाला ओल जास्त लागते, कुणी खडकाळ उतारावर तगतं. कुणी पहिल्या सरीला उठतं, कुणी थांबतं. पाऊस लांबला तर थांबलेलं वाचतं, लवकर आला तर उठलेलं. गोवा-कर्नाटक सीमेवरच्या अनमोड घाटातलं, कर्नाटकातल्या अणशीच्या जंगलातलं, केरळात वायनाडमधलं शेवळ इतकं वेगळं निघालं, की वनस्पतीशास्त्रज्ञांनी त्या त्या ठिकाणाच्या नावानं त्याचे स्वतंत्र प्रकार नोंदवले. आणि हे सगळं पश्चिम घाटातच. बाहेर कुठं ही जात रानात सापडत नाही.

या वेगळेपणाचा माणसाला उपयोग काय, ते सुरणात दिसतं. रानसुरण जीभ सोलून काढतो. बाजारातला ‘गजेंद्र’ हा सुरणाचा वाण जवळजवळ खाजत नाही. आंध्र प्रदेशात कोव्वूरला तो निवडला गेला. निवडायला आधी नाना तऱ्हेचे कंद असावे लागले, एवढं साधं आहे.

(दृश्य : मावशी शेवळं खुडताना. हात जमिनीलगत.)

शेवळं विकायला आणणाऱ्या या मावशी कंदाला हात लावत नाहीत. जमिनीलगत खुडतात. उमललेलं शेवळही सोडून देतात, ते भाजीच्या कामाचं नाही. त्यामुळं नजरेतून सुटलेलं आणि उशिरा सापडलेलं शेवळच काय ते बी धरतं. रस्त्याजवळच्या उतारांवर तसं फारसं काही सुटत नाही.

खुडल्यानं झाड मरत नाही, आणि इथंच फसगत होते. पान येतं, कंद पोसतो, बाजूला पिल्लं धरतो, पुढल्या जूनमध्ये पुन्हा शेवळ. उतार भरलेला दिसतो. पण पिल्लं म्हणजे त्याच कंदाच्या नकला. बी पडत नाही तोवर नवं झाड जन्मत नाही, आणि जुने कंद एकेक करून संपले की त्यांच्याबरोबर त्यांचं वेगळेपणही जातं.

याचा दोष टोपलीवालीच्या माथी मारू नका. सपाट केलेले डोंगर, फार्महाऊसचे प्लॉट, रुंद होणारे रस्ते कंदासकट सगळं घेऊन जातात.

(दृश्य : कुंपणावरची करटोलीची वेल.)

करटोली ही दुसरी रानभाजी, तिचं बी न धरण्याचं दुखणं आणखी वेगळं. नर वेल निराळी, मादी वेल निराळी. नर वेलीला फळ धरत नाही, म्हणून परसातून ती वांझ म्हणून उपटली जाते. मग मादी वेलीवर फुलं येतात आणि गळून जातात.

(दृश्य : ग्रामपंचायतीचं कार्यालय, टेबलावर नोंदवही.)

2002 च्या जैवविविधता कायद्यानं गावोगावी लोक जैवविविधता नोंदवह्या आल्या. 2022 मध्ये महाराष्ट्राच्या जनुक कोशालाही, म्हणजे स्थानिक वाण जपण्याच्या प्रकल्पालाही, मंजुरी मिळाली. चांगलंच आहे. पण कंद धान्यासारखा डबाबंद करून वर्षानुवर्षं ठेवता येत नाही, तो मातीतच जपावा लागतो. आणि नोंदवहीत ‘शेवळ : आढळते’ एवढीच ओळ असेल, तर ती भाजीच्या यादीत शोभेल. कोणत्या उतारावर आधी उठतं, कुठं उशिरा, कुठलं कमी खाजतं, हे विचारायला रानात जाणाऱ्या बाईला कार्यालयात खुर्ची द्यावी लागेल. कृषी खात्याचे रानभाजी महोत्सव ऑगस्टमध्ये भरतात. पाककृतींच्या ताटांभोवती गर्दी होते. शेवळांचा हंगाम तेव्हा सरलेला असतो आणि वाचलेल्या दांड्यांवर रानात फळं धरलेली असतात.

(दृश्य : परस. मातीत पुरलेले कंद, शेजारी काकडाचं रोप.)

परसात शेवळं लावणार असाल तर एकाच ठिकाणचे पाच कंद आणू नका, ते पाचही एकाच झाडाचे निघू शकतात. दोन-तीन वेगळ्या गावांहून, ज्यांच्या बांधावर आहेत त्यांना विचारून आणा. जवळजवळ लावा. आणि जूनमध्ये सगळीच खुडू नका. दोन-तीन उमलू द्या. वास येईल, शेजारी विचारतील.