जीटीची काच

(दृश्य: हॉस्टेलची खोली, रात्रीचे दोन)

दोन लोखंडी ट्रंका, त्यांवर आडवी काच, खाली पेटता बल्ब. काचेवर मित्राची ड्रॉइंगची शीट, तिच्यावर आपली कोरी. खालच्या रेघा वर दिसतात, पेन्सिल त्यांवरून फिरत जाते. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत याला ‘जीटी मारणं’ म्हणतात. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. सकाळी सबमिशन आहे, सरांची सही हवी आहे.

पोरांना आळशी म्हणावं, तर पहाटेपर्यंत जागतायत. पण सगळा जोर सहीपुरता. ओरलला सर विचारतात, ‘हे काय दाखवलंयस?’ आणि बोलती बंद.

1971 साली एडवर्ड डेसी या मानसशास्त्रज्ञाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेतले 24 कॉलेज विद्यार्थी आणि सोमा नावाचं सात तुकड्यांचं कोडं. तीन बैठका. दुसऱ्या बैठकीत अर्ध्या मुलांना जमलेल्या प्रत्येक आकृतीमागे एक डॉलर. तिसऱ्यात पैसे बंद. खरी गंमत मधल्या आठ मिनिटांची. काहीतरी निमित्त काढून मुलांना एकटं सोडायचं, खोलीत मासिकं ठेवायची आणि काचेआडून बघायचं. डॉलर होते तेव्हा ही मुलं मोकळ्या वेळातही कोड्याला चिकटून राहिली. डॉलर थांबले, तशी ती पहिल्या बैठकीइतकीही रमेनात.

प्रयोग लहान होता, पुढे त्यावर वादही पुष्कळ झाले. शिवाय घरी एज्युकेशन लोनचा हप्ता वाट बघत असेल, तर ‘आवडीनं शीक’ हे ऐकवणाऱ्याचं काय जातं? डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे मांडलं ते जास्त पटतं: कारण बाहेरून आलेलं असलं तरी चालतं, माणसानं ते मनापासून आपलं मानलेलं हवं.

(दृश्य: कॉलेजचं वर्कशॉप)

इथं एक मुलगी प्लमर ब्लॉक, म्हणजे शाफ्टला (फिरत्या दांड्याला) आधार देणारा ठोकळा, खोलून बसलीय. ब्लॉकची वरची टोपी काढली, बोल्ट बाजूला ठेवले, खालचा ब्रास, म्हणजे शाफ्ट ज्यावर टेकतो तो धातूचा अर्धगोल तुकडा, हातात घेतला. त्याच्या पाठीवर छोटासा उंचवटा आहे. शीटवर तो नुसता चौकोन दिसतो. तिनं ब्रास परत बसवून फिरवून पाहिला, फिरेना. अच्छा, शाफ्टबरोबर ब्रास फिरू नये म्हणून हा!

तिचंही सबमिशन उद्याच आहे. हॉस्टेलवर एव्हाना दोन-दोन शीट झाल्यात. हिची अजून अर्धीच.