टेपच्या कलानं

(ठाण्यातल्या एका घरात जुना कॅसेट डेक दुरुस्त होतो. लघुमाहितीपटाचं निवेदन.)

[दृश्य : नौपाडा. जुन्या इमारतीचा जिना, खाली उभा टेम्पो.]

नौपाड्यात एखादी इमारत पुनर्विकासाला गेली, की सगळ्यात आधी तिचे माळे रिकामे होतात. पितळेचे डबे निघतात, शिलाई मशीन निघतं, जुनं मखर निघतं. आणि त्यामागून जुन्या चादरीत गुंडाळलेला कॅसेट डेक. चालत तर नाही, मग भाड्याच्या घरात न्यायचा कशाला? भंगारवाला तो काट्यावर ठेवतो. त्याच्या लेखी त्यात फक्त तांबं आणि पत्रा असतो.

या घरातला डेक मात्र टेबलावर आलाय. काकांची सगळी नोकरी वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात, इलेक्ट्रॉनिक्सच्या देखभालीत गेली. निवृत्तीनंतरही सोल्डरिंग गन हातातून सुटलेली नाही. शेजारी त्यांची पुतणी बसली आहे, लॅपटॉप उघडून. डेक जपानी बनावटीचा, गल्फमध्ये नोकरीला असलेल्या एका नातेवाइकानं सुट्टीवर येताना आणलेला. सोबत बुटाच्या खोक्यात कॅसेट. काही विकतच्या. काही दुकानात गाण्यांची यादी देऊन भरून घेतलेल्या. आणि थोड्या, घरीच रेकॉर्ड केलेल्या.

हा सगळा खटाटोप या शेवटच्या कॅसेटसाठी आहे. विकतच्या कॅसेटमधली गाणी आज फोनवरही मिळतात. गणपतीच्या रात्री काकांच्या आईनं म्हटलेली भजनं फक्त या खोक्यात आहेत.

[दृश्य : कॅसेट हातात, टेपचा जवळून शॉट.]

ही कॅसेट फिलिप्स कंपनीनं १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांपुढे आणली. लू ऑटेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बेल्जियममधल्या हासेल्ट इथे घडवली. आकार ठरवताना ऑटेन्स कोटाच्या खिशात मावेल असा लाकडी ठोकळा जवळ बाळगायचे, त्याच मापात सगळं बसवायचं होतं. म्हणून टेपची रुंदी चार मिलिमीटरलाही जरा कमी, आणि वेग सेकंदाला फक्त ४.७६ सेंटिमीटर. रुंदी आणि वेग इतके कमी केल्यामुळे यंत्राच्या बारीकसारीक दोषालाही कॅसेटमध्ये मोठी किंमत पडते. पुढे जे दिसणार आहे, त्याचं मूळ इथे आहे.

काका डेक लगेच प्लगला जोडत नाहीत. मागच्या बाजूला व्होल्टेज निवडायचा स्विच आहे. आपला घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा, आणि इथे पर्याय आहेत २२० आणि २४०. काका २४० वर ठेवतात. मग सिरीज बोर्ड. शंभर वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब डेकच्या वाटेत जोडलेला. बल्ब भगभगून पेटत राहिला, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. क्षणभर उजळून मंदावला, तर पुढे जायला हरकत नाही.

मंदावला. डेकवरचा दिवा लागला. प्ले दाबलं. मोटर फिरल्याचा आवाज येतोय, पण टेप जागची हलत नाही.

प्लग काढला. तरी काका झाकण उघडायची घाई करत नाहीत, कारण पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, चार्ज उरलेला असू शकतो. पुतणी तेवढ्यात चहा टाकते. मग मीटरनं खात्री करून स्क्रू काढले जातात. प्रत्येक टप्प्याचा फोटो ती फोनवर काढून ठेवते.

[दृश्य : फ्लायव्हील. चिमट्याला लागलेली काळी तार.]

मोटर का फिरते आणि टेप का नाही, ते इथे दिसतं. मोटरपासून फ्लायव्हीलपर्यंत, म्हणजे वेग एकसारखा ठेवणाऱ्या जड चाकापर्यंत जाणारा रबरी बेल्ट आता बेल्ट राहिलेला नाही. काकवीसारखा पाघळून तो पुलीवर, फ्लायव्हीलवर, खालच्या पत्र्यावर पसरलाय. काही रबरांचं वय झालं की असं होतं, आणि उष्मा, दमट हवा त्याला हातभार लावतात. ठाण्यात खाडी जवळ, आणि पावसाळ्याचे चार महिने. माळ्यावर उष्मा आणि दमटपणा, दोन्ही भरपूर.

हे साफ करणं हेच दुरुस्तीतलं सगळ्यात वेळखाऊ काम. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाचे बोळे, इअरबड, हातमोजे. हा काळा डाग बोटाला लागला की सहज निघत नाही. मोटरच्या पितळी पुलीवर पापुद्र्याएवढा थर जरी राहिला, तरी पुलीचा व्यास बदलतो, वेग हलतो आणि पेटीचा लांबलेला सूर थरथरतो. त्यामुळे काका पांढरा कापूस पांढराच परत येईपर्यंत पुसत राहतात.

नवा बेल्ट केवढा आणायचा? जुना मोजायला उरलेलाच नाही. काका दोरा घेतात, बेल्टच्या वाटेनं फिरवतात, लांबी मोजतात आणि त्यातून ५ ते १० टक्के कमी करतात, बेल्टला ताण हवा म्हणून. मग तो दोरा पाकिटात घालून ठाणे स्टेशन, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड आणि तिथून लॅमिंग्टन रोड. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. बेल्ट पाहिजे म्हटल्यावर इथला जुना दुकानदार आधी एकच विचारतो, चपटा की चौकोनी? फ्लायव्हीलला चपटा लागतो. घरातला साधा रबर अडकवून डेक चालवलेलाही लोकांनी पाहिलाय. चालतो, पण आवाज एकसारखा राहत नाही. ज्याच्यावर आईचा आवाज ऐकायचा, त्या डेकला तो लावू नये.

[दृश्य : कॅपस्टन आणि पिंच रोलर, अगदी जवळून.]

बेल्ट बसला, पण कॅसेट अजून घालायची नाही. डेक कॅसेट खातो म्हणजे काय होतं, ते इथे नीट बघा. ही स्टीलची बारीक दांडी म्हणजे कॅपस्टन. तिच्यावर दाबला जाणारा काळा रबरी रोलर म्हणजे पिंच रोलर. या दोघांच्या चिमटीत सापडून टेप ठरलेल्या वेगानं पुढे येते. पुढे आलेली टेप गुंडाळून घेणं हे उजव्या चक्राचं काम. त्या चक्राला फिरवणारी छोटी रबरी चकती गुळगुळीत झाली, तर चक्र अडखळतं. चिमटीतून टेप मात्र येतच राहते. तिला जायला जागा उरत नाही, मग ती रोलरभोवती गुंडाळली जाते. आपण घाबरून झाकण उघडतो, कॅसेट ओढतो, आणि टेप चुरगळते.

म्हणून काका ती चकती आणि पिंच रोलर साबणाच्या सौम्य पाण्यानं धुतात, वाळवतात, बोटानं पकड बघतात. रोलरला चिरा असत्या, तर बदलावाच लागला असता. कॅपस्टनच्या बेअरिंगला शिलाई मशीनचं तेल, एकच थेंब. टेपवरचा आवाज वाचणारं हेड अल्कोहोलनं पुसलं. मग हेडमध्ये साचलेलं चुंबकत्व काढणारा डीमॅग्नेटायझर. डेक बंद, कॅसेट दुसऱ्या खोलीत. तो हातभर लांब धरून चालू करायचा, सावकाश हेडजवळ न्यायचा, तितक्याच सावकाश लांब आणायचा आणि मगच बंद करायचा. हेडजवळच बंद केला, तर हेड आणखी चुंबकित होतं.

कपॅसिटरच्या बाबतीत काकांचं मत ठाम आहे. जुना डेक उघडला की सगळे कपॅसिटर सरसकट बदलायची पद्धत पडली आहे. ते त्यांना पटत नाही. “जो फुगलाय, गळलाय, मीटरवर नापास झालाय, तो बदल. बाकीच्यांनी तुझं काय घोडं मारलंय?” ते पुतणीला सांगतात. पॉवर सप्लायमधले दोन बदलले जातात, प्लस-मायनस पाहून. डाव्या चॅनलची खरखर तर रेकॉर्ड-प्लेच्या लांबलचक स्विचमधली निघाली. तिथे काँटॅक्ट क्लीनर मारून तो मागे-पुढे केल्यावर आवाज मोकळा झाला.

मग वेग. ३१५० हर्ट्झचा सूर भरलेली चाचणीची कॅसेट लावली. फोनवरचं अ‍ॅप ३१८० च्या आसपास दाखवतंय, म्हणजे डेक साधारण १ टक्का पुढे पळतोय. मोटरच्या पाठीवर बारीक भोक असतं, आत वेग कमी-जास्त करायचा स्क्रू, म्हणजे ट्रिमर. काका तो केसभर फिरवतात.

[दृश्य : हेडच्या बाजूचा स्क्रू, त्यावर लाल रंगाचा ठिपका.]

आता खरं नाजूक काम. हेडमध्ये एक उभी फट असते. टेपच्या वाटेशी ती बरोबर ९० अंशांत हवी. तो कोन ठरवणारा हा स्क्रू, कारखान्यातून रंग लावून पक्का केलेला. या कोनाला म्हणतात अ‍ॅझिमथ.

थोडा हिशोब करू. १० किलोहर्ट्झचा आवाज, म्हणजे टाळांचा खणखणाट ज्या पट्टीत असतो तो. टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते, म्हणजे त्या आवाजाची एक लाट टेपवर ४.७६ मायक्रॉनमध्ये मावते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस याच्या दहापट आणि त्याहून जाड. मोनो, म्हणजे एकाच चॅनलच्या रेकॉर्डिंगचा पट्टा असतो दीड मिलिमीटर रुंद. हेडची फट एका अंशाच्या जेमतेम पाचव्या भागानं तिरकी झाली, की पट्ट्याच्या एका कडेला लाट सुरू होते तेव्हा दुसऱ्या कडेला ती संपलेली असते. दोन्ही मिळून १० किलोहर्ट्झचा आवाज जवळपास पुसला जातो.

चाचणीच्या कॅसेटवर काका हेड सरळ करतात. विकतची कॅसेट लावून बघतात. सुरेख वाजते. मग घरची, जिच्या लेबलवर बॉलपेननं “गणपती, आई” असं लिहिलंय. आत घालण्याआधी तिच्या कडेच्या दोन्ही छोट्या पट्ट्या मोडल्या जातात, म्हणजे चुकूनही तिच्यावर रेकॉर्ड होणार नाही. टेपच्या कडेला पांढरी बुरशी आहे का, तेही पाहिलं. असती, तर या डेकमध्ये ती घातलीच नसती.

प्ले. आवाज येतो, पण कोंदट. टाळ असून नसल्यासारखे.

“खराब झाली का हो काका टेप?”

“नाही गं. टेप आहे तशीच आहे. आपण तिला तिरकं ऐकतोय.”

भजनं या डेकवर रेकॉर्ड झालीच नव्हती. ती झाली घरातल्या टू-इन-वनवर, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेल्या यंत्रावर, आणि त्याचं हेड थोडं कललेलं होतं. तोच कल टेपमध्ये उतरलाय. टू-इन-वन केव्हाच गेला, कल राहिला. आता डेक कितीही अचूक सरळ असला, तरी या कॅसेटसाठी तो चुकीचा. मला वाटतं, घरच्या कॅसेट डिजिटल करून देणाऱ्या पुष्कळ ठिकाणी नेमका हाच टप्पा गाळला जातो. कोंदट आवाज आला की जुनी टेप म्हणून सोडून देतात, आणि घरातली माणसंही बिचारी तेच खरं मानतात.

काका स्क्रूच्या सरळ जागेवर मार्करनं खूण करतात. दोन्ही चॅनल एकत्र करून मोनोवर ऐकतात, कारण कोनातला फरक मोनोत लगेच कानाला कळतो. स्क्रूड्रायव्हर किंचित डावीकडे. आणखी कोंदट. उजवीकडे. टाळ पुढे आले. अजून किंचित. आता “विठ्ठल” शब्दातला ठ ठसठशीत ऐकू येतोय, आणि मागे कुणीतरी आरतीचं तबक ठेवल्याचा आवाजही. पुढे गेल्यावर पुन्हा टाळ मागे जातात. काका परत येतात आणि तिथेच थांबतात.

हे टेप वाजत असतानाच करावं लागतं. या टप्प्यावर निसटलेले टाळ कुठलंही सॉफ्टवेअर नंतर परत आणत नाही.

आणखी एक गोष्ट काकांच्या कानाला खटकते. आईचा आवाज जरा बारीक, चढा लागतोय. डेकचा वेग तर आत्ताच तपासला. मग टू-इन-वन सेलवर चालवला असणार, आणि सेल उतरले असणार. रेकॉर्ड होताना टेप हळू फिरली, म्हणून आज योग्य वेगात ती पळतेय. पण मूळ पट्टी कळणार कशी? साथीला पेटी आहे. तीच पेटी अजून घरात आहे, कपाटावर. पुतणी ती खाली उतरवते, भाता ओढते. आई काळी एकमध्ये गायच्या, हे काकांना पक्कं आठवतंय. टेपवरचा सूर तिथून जवळजवळ पांढरी दोनला पोचलाय. अर्ध्या स्वराच्या फरकाला वेगात सुमारे ६ टक्के, त्या हिशोबानं इथे जरा कमी. यासाठी काका मोटरच्या ट्रिमरला हात लावत नाहीत. वेग लॅपटॉपवर नंतरही दुरुस्त होतो.

[दृश्य : लॅपटॉपवर ध्वनिलहर सरकते आहे.]

डेकच्या लाइन आउटमधून केबल ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे आवाज लॅपटॉपमध्ये घेणाऱ्या डबीला. टेपची सळसळ कमी करणारं डॉल्बी बंद, कारण टू-इन-वनवर डॉल्बी नव्हतंच. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. जशी निघाली तशी एक प्रत ठेवायची, वेग सुधारलेली वेगळी. फाइलच्या नावात कॅसेटवरचा मजकूर आणि बाजू. प्रती निदान दोन ठिकाणी, एक इथे आणि एक पुतणीच्या घरी. आणि कॅसेट टाकून द्यायची नाही. आतल्या स्प्रिंगवरचा फेल्टचा तुकडा सुटलेला असेल, तर चिकटवायचा आणि ती परत डबीत ठेवायची.

बाजू अ संपली. कॅसेट उलटली. बाजू ब चा कल पुन्हा वेगळा निघतोय, थोडासाच. काका टाळ ऐकत स्क्रू फिरवायला लागतात. खोक्यात अजून बऱ्याच कॅसेट आहेत, आणि प्रत्येकीच्या दोन बाजू.