वकील सरकारी खर्चाचा, बाजू आरोपीची

जिल्हा न्यायालयाच्या आवारातली ही पाटी: लोक अभिरक्षक कार्यालय. सरकारी वकील वेगळे, ते आरोपीच्या विरुद्ध उभे राहतात. इथले वकील आरोपीचे. मानधन विधी सेवा प्राधिकरण, म्हणजे मोफत कायदेशीर मदत पुरवणारी सरकारी यंत्रणा देते, अशिलाने एक रुपयाही द्यायचा नाही.

ही पद्धत 2022 ची. त्याआधी अशी प्रकरणं पॅनेलवरच्या वकिलांकडे जात आणि ते स्वतःची वकिली सांभाळून ती बघत. इथे खासगी वकिली बंद. मुख्य लोक अभिरक्षकाला फौजदारी कामाचा किमान 10 वर्षांचा अनुभव लागतो.

टेबलावर वकीलपत्रांचा गठ्ठा आहे. कोठडीतल्या माणसाकडे उत्पन्नाचा दाखला मागायचा नसतो. विधी सेवा प्राधिकरणाच्या 1987 च्या कायद्याचं कलम 12 सांगतं, माणूस कोठडीत आहे एवढं पुरे. ही अंगठ्याची निशाणी कारागृहात घेतलेली; शेजारी तुरुंगाधिकाऱ्याची सही आणि शिक्का.

आता भिंतीवरचं कॅलेंडर. लाल गोल पहिल्या रिमांडच्या, म्हणजे न्यायालयाने पहिल्यांदा कोठडी दिली त्या तारखेला आहे, अटकेच्या नाही. चोरीसारख्या गुन्ह्यात 60 दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर जामीन हा हक्कच. रिमांडचा दिवसही मोजायचा. म्हणजे 1 जानेवारीला रिमांड, तर 1 मार्चला साठावा दिवस आणि 2 तारखेला कोर्ट उघडताच अर्ज (लीप वर्ष असेल तर एक दिवस आधी). अर्ज राहिला आणि त्याच दुपारी दोषारोपपत्र दाखल झालं, की हक्क संपला. न्यायालय आपणहून जामीन देत नाही, मागावा लागतो. म्हणून ही मोजणी रोज सकाळी, चहाच्याही आधी.

जामीन मंजूर झाला तरी जामीनदार हवा. त्याला सातबारा किंवा ऐपतीचा दाखला लागतो. परगावच्या मजुराने तो कुठून आणायचा? सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये यावर सूचना दिल्या: स्थानिक जामीनदाराचा आग्रह नको, सात दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृह अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, महिना उलटला, तर न्यायालय अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. हा समोरचा अर्ज त्यासाठीच: ऐपतीच्या जामिनाऐवजी जातमुचलका, म्हणजे आरोपीने स्वतःच लिहून दिलेली हमी.

एव्हाना बाहेरची रोजंदारी गेलेली असते, कधी भाड्याची खोलीही.

कारागृहाचं दार. इथून पुढे कॅमेरा जात नाही. सुटकेचा आदेश कारागृह बंद व्हायच्या वेळेआधी पोचला, तर सुटका आज. नाहीतर उद्या.