काट्यातलं तेल : माणदेशची करडई आणि लाकडी घाणा

(दृश्य : माण तालुका. जानेवारीतली सकाळ. शाळूच्या रानाच्या कडेनं पिवळी-नारिंगी फुलं.)

शाळू पोटऱ्यातून बाहेर पडून दाण्यात आलाय. त्याच्या चारी अंगांनी ही पिवळी ओळ दिसते ना, ती करडई. शोभेसाठी लावलेली नाही. गुरं-शेरडं रानात शिरू नयेत म्हणून माणदेशातला शेतकरी शाळूच्या काठाला करडई टाकत आला. काटा एवढा जहाल की शेळीसुद्धा तोंड लावायच्या आधी दोनदा हुंगते. कुंपणाचं कुंपण झालं, आणि सुगीनंतर घरच्या तेलाची सोयही झाली.

याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. इथं दहिवडी-म्हसवडच्या पट्ट्यात पाचशेच्या आसपास पडतो, तोही त्याची लहर लागली तर. हस्ताच्या ओलीवर करडई पेरायची आणि नंतर तिच्याकडे फारसं बघायचंही नाही. सोटमूळ दोन-दोन मीटर खाली उतरतं आणि वरची माती भेगाळली तरी खालची ओल शोधून काढतं. मावा ही कीड पडली नाही, म्हणजे जिंकली.

(दृश्य : फुलाचा जवळून घेतलेला तुकडा. मधमाशी. काटेरी बोंड.)

उमलताना फूल पिवळं असतं, सुकत जाताना तांबूस होतं. या पाकळ्यांपासून पूर्वी कापडाचा लाल रंग काढत. आता त्या वाळवून त्यांचा चहा करणारेही आहेत. फूल सुकल्यावर पाकळी खुडली तर दाण्याचं काही बिघडत नाही, त्यामुळे तेवढं उत्पन्न वरकड.

(दृश्य : काढणी. पहाटेचा धुरकट उजेड. पायांना गोणपाट गुंडाळलेल्या बाया.)

काढणी उन्हात होत नाही. पहाटे दव असेपर्यंत काटा नरमलेला असतो, तेवढ्या वेळात काम उरकायचं. पायाला पोतं, हातात जुने मोजे, डोक्याचा पदर घट्ट. ऊन वर आलं की काटा पुन्हा ताठ. मग पेंढ्यांचा ढीग लावायचा, वाळला की काठीनं बडवायचा आणि वाऱ्यावर उफणायचा.

ढिगाजवळ बसलेल्या आजींना विचारलं, "एवढे काटे टोचतात, तरी करता?"

"टोचत्यात म्हनून काय झालं? त्याल कुठनं येनार मग?"

(दृश्य : फलटण. संस्थेच्या रानातली बिनकाट्याची करडई. हातानं सहज वाकवलेलं झाड.)

या काट्यावर उपाय शोधला गेला तो इथून फार लांब नाही, फलटणला. बनबिहारी निंबकर यांनी 1968 साली स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं करडईवर अनेक वर्षं काम केलं. बरेच लोक ही संस्था जुळी कोकरं देणाऱ्या 'नारी सुवर्णा' मेंढीमुळे ओळखतात, पण करडईतलं तिचं काम तितकंच मोठं. 'नारी-6' हे बिनकाट्याचं वाण इथलंच. हात घाला, पाकळ्या खुडा, काही टोचत नाही. जुनी माणसं मात्र यावर हसतात. काटा गेला तर शाळूची राखण कोण करणार, असा त्यांचा सवाल आहे, आणि तो अगदीच खोटा नाही. म्हणून काठाला काटेरी आणि सलग रानात बिनकाट्याची, अशी तडजोडही करता येते.

(दृश्य : घाण्याची शेड. भिंतीवर संताजी जगनाडे महाराजांची तसबीर, ताजा हार. खाली लाकडी उखळ.)

आता घाण्यावर येऊ. इथं कॅमेरा आम्ही बराच वेळ चालू ठेवला, कारण थांबवावासा वाटेना.

भिंतीवर तसबीर आहे संताजी जगनाडे महाराजांची. तुकोबांचे अभंग उतरवून ठेवणारे संताजी. बहुतेक घाण्यांवर ही तसबीर दिसतेच. तिच्या खाली लाकडाचं उखळ, त्यात तिरपी उभी केलेली लाट, म्हणजे लाकडी मुसळ. एके काळी ही लाट डोळ्यांना झापड लावलेला बैल फिरवायचा, आता मोटर फिरवते. मोटर असली तरी गती बैलाचीच ठेवलेली आहे. घाणेवाले दादा म्हणतात, "पळवला की त्याल तापतं. तापलं की वास गेला."

करडईचा दाणा पांढरा, चकचकीत आणि टणक असतो. आधी चाळून खडे-काडी काढायची. मग उखळात ओतायचा. पहिली काही मिनिटं नुसता कडकड आवाज येतो, टरफलं फुटतात. हळूहळू तो आवाज बसतो. दाण्याचा ओलसर भुगा होतो आणि लाटेच्या अंगाला चिकटायला लागतो. दादा मुठीत घेऊन दाबून बघतात. बोटांवर तेलाची चकाकी आली की कोमट पाण्याचा एक शिपका मारायचा. पाणी किती, ते मापात नाही, हातात आहे. कमी पडलं तर भुगा कोरडा राहून तेल सुटत नाही. जास्त झालं तर तेल गढूळ येतं आणि लवकर खराब होतं.

(निवेदन थांबते. घाण्याची करकर. तेलाची पहिली धार.)

ही धार बघा. आत्ता गढूळ आहे, भुकटी मिसळलेली. स्टीलच्या पिंपात दोन-तीन दिवस हलवाहलव न करता ठेवली की गाळ खाली बसतो. वरचं तेल कापडातून गाळून घेतात. रंग फिकट सोनेरी, वास अगदी हलका. शेंगदाण्याच्या तेलाचा खमंगपणा यात नाही. ज्यांना तोच हवा असतो, ते पहिल्यांदा नाक मुरडतात.

दाण्यात तेल असतं साधारण 30 टक्के. ते सगळं घाणा काढू शकत नाही, थोडं पेंडीत राहतंच. ती पेंड म्हशीला जाते. कारखान्यात बी दाबून, तापवून, उरलेलं तेल रसायनानं धुऊन काढतात. मग रंग घालवतात, आणि वास घालवण्यासाठी 200 अंशांच्या वर वाफ देतात. तेही तेल खायला चालतं, कायद्यात बसतं. फक्त त्याला चव उरत नाही. आम्हाला ती उरलेली हवी आहे, एवढाच आमचा हट्ट.

(दृश्य : चूल. तवा. भाकरी पापुद्र्यानं फुगते. ताटात खर्डा.)

कच्चं तेल ही या तेलाची खरी जागा. गरम भाकरी मोडायची, खर्ड्यावर किंवा कारळ्याच्या चटणीवर धार सोडायची आणि बोटानं कालवायचं. जवसाची चटणी असेल तर फारच छान, आणि त्याला चवीपलीकडचंही कारण आहे, ते पुढे येईल. फोडणीलाही चालतं, फक्त धूर येईपर्यंत तापवायचं नाही. घाण्याचं तेल रिफाइंडच्या मानानं फार लवकर धुरावतं. भजी-पुऱ्यांच्या कढईत हे ओतून तेच तेल चार दिवस वापरणं म्हणजे पैसेही वाया आणि तेलही वाया.

आणि हे बघा, रानातली कोवळी करडई. विरळणी करताना उपटलेली रोपं फेकत नाहीत. पानं चिरायची, लसूण-मिरचीची फोडणी, भिजवलेली मुगाची डाळ, नाहीतर वरून पीठ पेरायचं. फूल धरायच्या कितीतरी आधीची, काटा यायच्या आतली ही भाजी. त्यावरही करडईचंच तेल. काकूंनी आम्हाला वाढलं तेव्हा कॅमेरा बाजूला ठेवावा लागला, म्हणून पुढचं दृश्य एकदम रिकाम्या ताटाचं आहे.

(दृश्य : अंगणात पाटावर बसलेली आजी, पायांवर बाळ, वाटीत तेल.)

हिवाळ्यात उललेल्या टाचा, फाटलेले ओठ, कामानं खरखरीत झालेले हात, या सगळ्याला इथं करडई. बाळाच्या मालिशलाही. तेल चिकट राहत नाही, जिरतं. त्वचेचा वरचा थर ओल धरून ठेवतो तो काही स्निग्ध द्रव्यांच्या जोरावर, आणि ती घडायला लिनोलिक आम्ल हे स्निग्धाम्ल लागतं. करडईच्या नेहमीच्या वाणांच्या तेलात तेच सुमारे 75 टक्के.

आजींच्या मालिशला प्रयोगशाळेची दादही मिळालेली आहे. 2005 साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी नवजात बाळांना मालिश करून बघितलं. काहींना करडईचं तेल, काहींना खोबरेल. पाच दिवसांनी रक्त तपासलं, तर ज्या तेलानं चोळलं त्याची स्निग्धाम्लं रक्तात वाढलेली दिसली. म्हणजे तेल कातडीवर नुसतं बसून राहत नाही. अर्थात बाळाच्या अंगावर पुरळ असेल किंवा कातडी सोललेली असेल, तर आधी डॉक्टर, मग वाटी.

(दृश्य : दुकानाच्या फळीवर छोट्या बाटल्या. मग घाण्यावरचा मोठा डबा.)

हल्ली शहरात हेम्पच्या, म्हणजे भांगेच्या जातीतल्या झाडाच्या बियांच्या तेलाच्या हिरवट बाटल्या दिसतात. 2021 साली एफएसएसएआयनं, म्हणजे अन्नसुरक्षेचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं, ते खाद्य म्हणून मान्य केलं. लोक ते चेहऱ्याला, सॅलडला, कशालाही वापरतात. तेल चांगलं आहे, वाद नाही. त्यातही लिनोलिक आम्ल निम्म्याहून थोडं जास्त असतं. पण त्यासाठी एवढीशी बाटली मागवणाऱ्या साताऱ्याच्या माणसाला आपल्याच जिल्ह्यातली करडई माहीत नसावी, याचं आम्हाला वाईट वाटतं. हेम्पची एक बाजू वरचढ आहे. त्यात ओमेगा-3 बऱ्यापैकी असतं, करडईत जवळजवळ नसतंच. जवसाच्या तेलात मात्र भरपूर असतं, निम्म्याच्या आसपास. भाकरीवर जवसाची चटणी आणि तिच्यावर करडईचं तेल. झाला हिशेब पुरा.

ई जीवनसत्त्वही करडईत चांगलं असतं. तूप-लोण्याच्या जागी असं तेल वापरलं की कोलेस्टेरॉल उतरतं, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. 1966 ते 1973 या काळात सिडनीत हृदयविकाराच्या रुग्णांना करडईचं तेल भरपूर दिलं, कोलेस्टेरॉल उतरलंही, पण मृत्यू मात्र वाढले, असं 2013 सालच्या फेरतपासणीत निघालं. तेव्हा पळीनं, डब्यानं नव्हे.

(दृश्य : उसाचं हिरवं रान, पाटाचं पाणी. पलीकडे पडीक तुकडा.)

देशात करडई एके काळी लाखो हेक्टरांवर होती, आता हजारांत मोजतात. पाणी आलं तिथं ऊस आला, काढणीला माणूस मिळेना, बाजारात भाव ठरेना.

(दृश्य : घाण्याबाहेर डबे घेऊन उभी माणसं. वजनकाटा.)

घाण्यावर तेल घ्यायचं तर सोय दोन प्रकारची. तयार तेल विकत घ्या, नाहीतर आपली करडई घेऊन या आणि गाळणावळ देऊन समोर काढून घ्या. दुसरं बरं, कारण भेसळीची शंका राहत नाही. भाव रिफाइंड सूर्यफुलापेक्षा बराच जास्त पडतो, ते आधीच सांगितलेलं बरं. तेल प्लास्टिकमध्ये नको, काचेच्या गडद बाटलीत किंवा स्टीलच्या डब्यात ठेवा. चुलीजवळ, खिडकीत ठेवू नका. एका वेळी दोन-तीन महिन्यांचंच घ्या, कारण हे तेल हवा आणि उजेड लागला की खवट होतं. करडई आणि सूर्यफूल एकाच कुळातली, त्यामुळे त्या कुळाची ॲलर्जी असलेल्यांनी अंगाला लावण्याआधी कोपरावर थोडं लावून बघावं.

नवी करडई घाण्यावर यायला लागते मार्चमध्ये. ज्यांच्याकडे कोरडवाहू तुकडा आहे, त्यांनी बियाण्याची चौकशी श्रावणातच करावी. वाण काटेरी घ्यायचं की बिनकाट्याचं, हे गावातली शेरडं किती आहेत त्यावर ठरवा.