मक्यावरचा आळ

(दृश्य: उंच, निमुळत्या ग्लासात ओतली जाणारी अमेरिकन लागर, म्हणजे थंडीत मुरवलेली बिअर)

वाळलेल्या गवतासारखा फिका पिवळा रंग. ग्लासामागे वर्तमानपत्र धरलं तर अक्षरं वाचता येतील इतकी नितळ. वर पांढराशुभ्र फेस, तोही फार वेळ थांबणार नाही. रूपाचं काम इथेच संपलं. अमेरिकेतल्या बिअर परीक्षकांच्या गुणपत्रिकेत ५० पैकी रूपाला फक्त ३ गुण आहेत. वासाला १२, चवीला २०.

(दृश्य: ग्लासाजवळ नाक)

आधी काहीच जाणवत नाही. बिअर फार गार असली की वास दबून राहतो. ग्लास जरा तळहातात धरा. आता? पावसाळ्यात गाडीवर उकडलेल्या कणसांचा येतो, तसा वास आला का? अमेरिकन लागरमध्ये तो पुसटसा चालतो, जास्त झाला तर गुण कापले जातात.

गंमत म्हणजे हा दोष मक्याचा नसतोच. फिक्या बार्ली माल्टमधल्या (मोड आणून वाळवलेल्या बार्लीतल्या) एका घटकापासून, तिचा गोड रस तापताना, डायमिथाइल सल्फाइड हा गंधकयुक्त पदार्थ तयार होतो. रस खळाखळा उकळला की तो वाफेबरोबर उडून जातो. उकळीत कसूर झाली की थेट ग्लासात येतो. पाप बार्लीचं, नाव मक्याचं.

मक्याला याची तशी सवय आहे म्हणा.

(दृश्य: न्यू अल्म, मिनेसोटा. झाडीतली जुनी ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना)

ऑगस्ट शेल जर्मनीतून आला आणि १८६० मध्ये त्याने ही ब्रुअरी काढली. अमेरिकेत तेव्हा पिकायची ती सहा ओळींच्या कणसाची बार्ली. तिच्यात प्रथिनं जास्त, त्यामुळे नुसत्या तिचीच बिअर गढूळ आणि जड व्हायची. पण पिष्टाची साखर करणारी विकरंही तिच्यात भरपूर, दुसऱ्या धान्यालाही पुरून उरतील इतकी. म्हणून जर्मन ब्रुअरांनी तिला मक्याची नाहीतर तांदळाची जोड दिली. लागर नितळ झाली, हलकी झाली.

१९२० ते १९३३ दारूबंदी होती. पुढे मोठ्या कंपन्यांनी तीच बिअर आणखी फिकी, आणखी पातळ करत नेली, आणि मका म्हणजे जवळजवळ भेसळच, असं लोकांच्या डोक्यात बसलं. २०१२ मध्ये ब्रुअर्स असोसिएशन या अमेरिकेतल्या छोट्या ब्रुअरींच्या संघटनेने ‘क्राफ्ट नसलेल्या’, म्हणजे छोट्या, स्वतंत्र, पारंपरिक या व्याख्येत न बसणाऱ्या ब्रुअरींची यादी काढली. तिच्यात शेल! दीडशे वर्षं एकाच घराण्याकडे असलेली छोटी ब्रुअरी, गुन्हा काय तर मका. शेलने खरमरीत जाहीर पत्र लिहिलं. २०१४ मध्ये संघटनेने व्याख्याच बदलली, मक्याची आडकाठी काढली.

(दृश्य: पहिला घोट)

पावाच्या आतल्या पांढऱ्या भागासारखी धान्याची चव. मागून मक्याची हलकी गोडी. हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, कडूपणा बेताचा आणि गिळल्यावर तोंड कोरडं, स्वच्छ.

झणझणीत रश्श्यात स्वयंपाक्याची चूक बुडून जाते, गोड्या वरणात बुडत नाही. आयपीए या कडवट बिअरमध्ये हॉप्सचा मारा बरंच काही झाकतो, लागरला ती सोय नाही. लोण्यासारखा, पॉपकॉर्नसारखा वास आला तर तो डायअसिटिल या पदार्थाचा. हिरव्या सफरचंदाचा आला तर अ‍ॅसिटाल्डिहाइडचा. दोन्हींमागे बहुधा एकच कारण: घाई. लागरचं यीस्ट साधारण ८ ते १३ अंश सेल्सिअसला सावकाश काम करतं, मग बिअर शून्याच्या आसपास कित्येक आठवडे मुरते. जर्मनमध्ये ‘लागर्न’ म्हणजेच साठवून ठेवणं. छोट्या ब्रुअरीला हेच परवडत नाही. एक टाकी इतके दिवस अडकली म्हणजे तेवढ्यात एल या लवकर तयार होणाऱ्या बिअरचे दोन घाणे निघाले असते. म्हणून चांगली क्राफ्ट लागर मिळाली की मी आधी ब्रुअरच्या धीराला गुण देतो, मग बिअरला.

(दृश्य: ग्लासाच्या तळाशी उरलेले दोन घोट)

गारवा गेलाय, फेस विरलाय. थंडीने लपवलेलं जे काही असेल ते आता वर येईल. पुन्हा एकदा वास घ्या.